जपानसाठी गाईडबुक निवडताना नेमके काय पाहावे?

पारिजातक | ८ जून, रात्री ९.४०

नमस्कार. येत्या नोव्हेंबरमध्ये मी, माझे यजमान आणि माझ्या मोठ्या जाऊबाई असे तिघे सतरा दिवसांसाठी जपानला जाणार आहोत. यापूर्वी दोन वेळा सहल कंपनीबरोबर परदेशी जाणे झाले. पण सकाळी सहाला बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या, आठला बसमध्ये बसायचे आणि दिवसभर कोणाच्या तरी उंचावलेल्या छत्रीमागे चालायचे, याचा आता कंटाळा आला आहे. म्हणून या वेळी आपले आपण जायचे ठरवले असून टोकियो, कानाझावा, क्योतो, कोयासान, हिमेजी आणि ओकायामा असा मार्ग ढोबळमानाने आखला आहे. ओकायामाचे नाव वाचून कोणाला नवल वाटले असेल, तर सांगते: आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. तिथले पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केलेले आहे, ते मूळ उद्यान एकदा डोळ्यांनी पाहावे अशी जाऊबाईंची फार दिवसांची इच्छा आहे.

काल एका पुस्तकांच्या दुकानात जपानवरची तीन गाईडबुके तासभर चाळली. एक जाडजूड, जवळजवळ चित्र नसलेले. एक मध्यम जाडीचे. आणि एक गुळगुळीत कागदावरचे, रंगीत चित्रांनी भरलेले. तिन्हींच्या मलपृष्ठावरचा मजकूर इतका सारखा होता, की आपापसांत बदलला तरी कोणाच्या लक्षात आले नसते. शेवटी काहीच न घेता परत आले. मुलगा म्हणतो, 'आई, फोन असताना हे ओझे कशाला?'

आमच्यापैकी दोघी शाकाहारी आहोत आणि जाऊबाई अंडेही खात नाहीत. यजमानांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. 'अमुक पुस्तक घ्या' एवढेच सांगण्यापेक्षा ते का घ्यावे, हे जाणकारांनी सांगितले तर मला अधिक उपयोग होईल.

अनुस्वार | ८ जून, रात्री १०.१५

ताई, मी आपल्या चिरंजीवांच्या बाजूचा आहे. गाड्यांची वेळापत्रके, तिकिटांचे दर, हॉटेले, रस्ते हे सगळे फोनवर ताजे मिळते आणि छापील पुस्तक दुकानात येईपर्यंत शिळे झालेले असते. त्यावर दोन हजार रुपये घालण्यापेक्षा तिकडे इंटरनेट चालेल असे सिमकार्ड घ्यावे.

नकाशेवाला | ९ जून, सकाळी ७.०५

अनुस्वार यांचा शिळेपणाचा मुद्दा खरा आहे, परंतु पुस्तक शिळे आहे की नाही हे दुकानात उभ्याउभ्या पाच मिनिटांत तपासता येते, आणि ते कसे तपासावे हे मी स्वतः फजिती करून घेतल्यावर शिकलो आहे.

गेल्या वर्षी मी एका स्नेह्याकडून जपानचे गाईडबुक उसने घेऊन गेलो. क्योतोहून कानाझावाला थंडरबर्ड नावाची थेट गाडी जाते आणि प्रवासाला सव्वादोन तास लागतात, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्या भरवशावर मी वरच्या फळीवर बॅग चढवली, बूट सैल केले आणि झोपी गेलो. गाडी त्सुरुगा नावाच्या स्थानकावर थांबली, सगळा डबा उतरला आणि मी एकटाच बसून राहिलो. शेवटी सफाईसाठी आलेल्या बाईंनी नम्रपणे वाकून मला दाराकडे हात दाखवला. १६ मार्च २०२४ रोजी होकुरिकु शिंकान्सेन, म्हणजे तिकडची बुलेट ट्रेन, कानाझावापासून त्सुरुगापर्यंत वाढवण्यात आली आणि त्या दिवसापासून थंडरबर्ड त्सुरुगालाच संपते. तिथे खालच्या फलाटावरून सरकत्या जिन्याने वर जाऊन शिंकान्सेन पकडावी लागते, आणि त्यासाठी बऱ्याचदा आठेक मिनिटेच हातात असतात. माझी ती शिंकान्सेन अर्थातच निघून गेली. पुस्तकात चूक नव्हती. ते छापले तेव्हा ते खरेच होते.

तेव्हापासून मी कोणतेही गाईडबुक मागच्या बाजूने उघडतो, म्हणजे आधी हक्कांचे पान पाहतो. तिथे आवृत्तीचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष अशी दोन वर्षे असू शकतात आणि दुकानदार आपल्याला नेहमी दुसरे सांगतो. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर नव्या कागदावर. शिवाय नवी आवृत्ती असली तरी लेखकाने फिरून माहिती गोळा करणे, ती लिहिणे, संपादन आणि छपाई यांत वर्ष सहज जाते. तेव्हा मुखपृष्ठावरच्या वर्षातून एक वजा करूनच हिशेब धरावा.

त्यानंतर काही खुणेच्या गोष्टी शोधाव्यात. जपानच्या बाबतीत त्या सोप्या आहेत. टोकियोचा माशांचा घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये त्सुकिजीहून तोयोसुला हलला. बाहेरची किरकोळ दुकाने मात्र त्सुकिजीलाच राहिली. पुस्तक अजून त्सुकिजीला लिलाव पाहायला पाठवत असेल तर ते रद्दीत घालावे. क्योतोच्या शहर बसचा एक दिवसाचा पास ३१ मार्च २०२४ नंतर चालत नाही. नोतो द्वीपकल्पात १ जानेवारी २०२४ रोजी मोठा भूकंप झाला आणि वाजिमा गावाच्या सकाळच्या बाजाराचा परिसर आगीत जळून गेला. त्या बाजाराचे जुने रसभरीत वर्णन तसेच छापलेले असेल, तर संपादकांनी ते पान पुन्हा वाचलेलेच नाही.

सर्वांत महत्त्वाची खूण पैशांची. परदेशी प्रवाशांसाठीच्या सात दिवसांच्या रेल्वे पासची किंमत १ ऑक्टोबर २०२३ रोजी २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योतो एकेरी भाडे सुमारे १४,००० येन आहे, म्हणजे पूर्वी केवळ जाऊन-येऊन पासाचे पैसे जवळजवळ वसूल होत असत. 'पास घ्याच' हा तेव्हाचा सल्ला योग्य होता, आज तो बहुतेकांना खड्ड्यात घालणारा आहे. नव्या दराचा केवळ आकडा बदलून सल्ला तसाच ठेवणारे पुस्तक मला जुन्या पुस्तकापेक्षाही घातक वाटते, कारण त्यात आकडा नवा दिसतो आणि आपण विश्वास ठेवतो. चांगले पुस्तक आता विशिष्ट प्रदेशापुरते मिळणारे स्वस्त पास समजावून सांगते आणि कोणत्या मार्गाला सुटी तिकिटे परवडतात तेही सांगते.

भटकभवानी | ९ जून, दुपारी १.३०

नकाशेवाला यांनी तारखांची बाजू चोख मांडली आहे. मला पुस्तकाच्या स्वभावाविषयी लिहायचे आहे, कारण ताजे असूनही आपल्या उपयोगाचे नसलेले पुस्तक घेणारेच अधिक भेटतात.

पारिजातक यांनी वर्णन केलेली तीन पुस्तके म्हणजे बाजारातल्या तीन प्रकृती आहेत. लोनली प्लॅनेट १९७३ मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने सुरू केले ते स्वस्तात आशिया ओलांडणाऱ्या तरुणांसाठी. त्यामुळे 'इथून तिथे कसे जायचे' हा त्यांचा जुना बळकट भाग आहे. रफ गाईड १९८२ मध्ये ग्रीसवरच्या पुस्तकाने सुरू झाले आणि इतिहास-समाज यांविषयी थोडे अधिक बोलणे ही त्यांची खोड राहिली. डीके आयविटनेस १९९३ मध्ये आले ते चित्रे घेऊन. देवळाची किंवा किल्ल्याची भिंत उघडून आत काय आहे हे दाखवणारी त्यांची रेखाटने घरी बसून पाहायला सुरेख असतात. हे सगळे ठोकळ वर्णन आहे, कारण नाव तेच राहते आणि लेखक, मालक व खर्च करण्याची तयारी मात्र बदलत जाते. २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत लोनली प्लॅनेटने आपली मेलबर्न आणि लंडनची कार्यालये बंद करण्याचा निर्णय घेतला, हे लक्षात ठेवले तर 'आमच्या घरात तीस वर्षे हेच पुस्तक येते' या निष्ठेला फारसा अर्थ उरत नाही. नाव पाहू नये. हातातले पुस्तक पाहावे.

मी पाहते ती गोष्ट म्हणजे पुस्तकाला 'नाही' म्हणता येते का. क्योतोत सोळाशेच्या आसपास बौद्ध मंदिरे आहेत आणि तुम्ही तिथे फार तर चार दिवस असणार. ज्या पुस्तकात प्रत्येक मंदिर 'अविस्मरणीय' आहे, त्याने तुम्हाला काहीच सांगितलेले नाही. जर्मन प्रकाशक कार्ल बेडेकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर महत्त्वाच्या स्थळांपुढे तारका छापायला सुरुवात केली, त्यामागचा हेतू हाच होता, की घाईतल्या प्रवाशाने काय सोडायचे ते त्याला कळावे. एखादे प्रसिद्ध ठिकाण 'सकाळी आठच्या आत जमत नसेल तर सोडून द्या' असे निर्भीडपणे लिहिणारा लेखक मला भरवशाचा वाटतो, मग त्याचे मत मला पटो वा न पटो.

आणि लेखकाचे पान वाचावे. जपानवरचे इंग्रजीतले एक आद्य गाईडबुक १८८१ मध्ये निघाले. त्याचे लेखक अर्नेस्ट सॅटो आणि हॉज हे दोघेही तिथे वर्षानुवर्षे राहिलेले होते; पुढे १८९१ मध्ये त्याची सूत्रे टोकियोत प्राध्यापकी करणाऱ्या चेंबरलेन यांच्याकडे आणि त्यांचे सहकारी मेसन यांच्याकडे आली. तिथे राहिलेल्या माणसाने लिहिणे आणि तीन आठवड्यांत आठ शहरे उरकून आलेल्याने लिहिणे यांतला फरक आजही दुसऱ्या-तिसऱ्या पानात जाणवतो.

जाता जाता एक खंत. परदेश प्रवासावर मराठीत इतके लिहिले गेले, घरटी एक प्रवासवर्णन निघेल अशी आपली परंपरा. पण 'फलाट कोणता, जिने किती, आणि जेवणात काय नसेल' हे सांगायला आपले लेखक सहसा तयार नसतात.

चकलीकर | ९ जून, संध्याकाळी ६.५०

मी गेली नऊ वर्षे टोकियोत राहतो आणि दर हिवाळ्यात-उन्हाळ्यात घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या हातातली गाईडबुके पाहतो. त्यावरून दोन परीक्षा सुचवतो.

पहिली परीक्षा लिपीची. स्थानकांची नावे रोमन अक्षरांत लिहिलेली असतात, त्यामुळे तिथपर्यंत कोणतेही पुस्तक पुरते. स्थानकाबाहेर पडल्यावर मात्र खानावळीच्या कापडी पडद्यावर, मंदिराच्या फाटकावर आणि खेड्यातल्या बसच्या पाटीवर केवळ जपानी अक्षरे असू शकतात. पुस्तकात प्रत्येक स्थळाच्या आणि उपाहारगृहाच्या नावापुढे ते नाव जपानी लिपीतही छापलेले आहे का, हे पाहा. असेल तर पाटी आणि पान शेजारी धरून अक्षरे जुळवता येतात, किंवा टॅक्सीवाल्याला पान दाखवता येते. माझ्या मामी, ज्यांना मोबाईलवर फोटो मोठा करून पाहणेही जमत नाही, त्या पुस्तकातली तीन अक्षरे बोटाने धरून कामाकुरात एक मंदिर एकट्याने शोधून आल्या. याच्याच जोडीला नकाशे पाहा. इथल्या बहुतेक रस्त्यांना नाव नसते, पत्ता भागाच्या आणि गटाच्या क्रमांकावर चालतो, आणि शिंजुकु स्थानकाला दोनशेच्या आसपास बाहेर पडायचे दरवाजे आहेत. ज्या नकाशात स्थानकाच्या दरवाजांचे क्रमांक किंवा नावे नाहीत, तो नकाशा शोभेचा आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा आहाराची, आणि ताई, ती तुमच्यासाठी पहिलीच आहे. सूचीत 'शाकाहार' शोधून ते पान उघडा आणि त्यात दाशी हा शब्द आहे का ते पाहा. दाशी म्हणजे इथल्या स्वयंपाकाचा मूळ रस्सा. तो बहुतेक वेळा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरावलेल्या कात्सुओ माशाचे पातळ काप, उकळून केलेला असतो. मिसो सूप, सोबा-उदोन शेवयांचे पाणी, उकडलेल्या भाज्या, टेंपुराबरोबरची पातळ चटणी, सगळीकडे तोच असतो. तुम्ही 'मांस नको' म्हणालात आणि समोरच्याने अगदी प्रामाणिकपणे मान डोलावली, तरी तुमच्या ताटात मासा येऊ शकतो, कारण 'निकु' या रोजच्या शब्दात मासे धरत नाहीत. 'भरपूर भाज्या मिळतात, शाकाहारींनी काळजी करू नये' असे लिहिणारे पुस्तक ज्याने लिहिले, त्याला कधी शाकाहारी राहावेच लागलेले नाही. याउलट शोजिन-ऱ्योरी, म्हणजे बौद्ध मठातला आहार, कुठे मिळतो, त्यासाठी आगाऊ सांगावे लागते का, हे ज्यात आहे ते पुस्तक उचला. परंपरेने त्यात मांस-मासे नसतातच, पण कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांचेही निभावेल.

पारिजातक | १२ जून, रात्री ८.२०

सर्वांचे मनापासून आभार. आज आम्ही दोघी जावा वही-पेन घेऊन पुन्हा दुकानात गेलो. तिथल्या मुलाने आधी स्टूल दिले आणि तासाभराने चहाही विचारला, म्हणजे त्याला आमचा काय अंदाज आला असेल ते तुम्ही ओळखा. पुस्तकांची नावे लिहीत नाही. जाडजूड, मध्यम आणि चित्रमय असेच म्हणते.

हक्कांच्या पानावरच जाडजूड पुस्तक अडखळले. त्यावर ठळक वर्ष पुनर्मुद्रणाचे होते, आवृत्ती २०१९ ची. त्यात रेल्वे पासची किंमत तीस हजारांच्या आत, त्सुरुगाचे नाव सूचीत नाही, आणि थंडरबर्ड थेट कानाझावाला. नकाशेवाला, तुमची झोप आमच्या कामी आली.

मध्यम आणि चित्रमय ही दोन्ही नवी निघाली. मग जाऊबाईंनी स्वतःची एक परीक्षा काढली आणि मला ती सर्वांत आवडली. त्या म्हणाल्या, सूचीत कोराकुएन काढ. चित्रमय पुस्तकाच्या सूचीत कोराकुएन एकदाच होते. ते पान उघडले तर टोकियोतले कोइशिकावा कोराकुएन निघाले, आणि ओकायामाच्या उद्यानाचा उल्लेख हिमेजीच्या पानावर दीड ओळीत 'जवळपासची अन्य ठिकाणे' म्हणून होता. मध्यम पुस्तकात दोन्ही उद्याने शहराच्या नावासह वेगवेगळी दिली होती. ओकायामाला दोन पाने, उद्यान १७०० मध्ये पूर्ण झाले हे वर्ष, कानाझावाचे केनरोकुएन आणि मितोचे काइराकुएन यांच्यासह ते जपानच्या तीन थोर उद्यानांत गणले जाते ही नोंद, स्थानकावरून ट्रामने कुठे उतरायचे हे, आणि मुख्य म्हणजे 'किल्ला बाहेरून पाहिला तरी पुरे' हा शेरा. हाच भटकभवानी यांचा 'नाही' म्हणणारा लेखक असावा.

गुडघ्यासाठी मी हिमेजी पाहिले. मुख्य बुरुजात पादत्राणे काढून पिशवीत घ्यावी लागतात आणि मग गुळगुळीत, खड्या लाकडी जिन्यांनी सहा मजले चढायचे असतात. चित्रमय पुस्तकात त्या बुरुजाचे अंतरंग इतके सुंदर रेखाटले आहे, की जाऊबाई पाच मिनिटे त्यातच हरवल्या. पण जिने खडे आहेत हे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. मध्यम पुस्तकाने ते एका वाक्यात सांगून ज्यांना चढायचे नाही त्यांनी शेजारची बाग पाहावी असे सुचवले आहे.

दाशीचा शब्द दोन्हींत आहे. जपानी लिपी फक्त मध्यम पुस्तकात. कोयासानच्या बाबतीत मात्र दोघांनीही निराशा केली. तिथल्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, त्याचे अनावरण २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले होते; यजमानांना तो पाहायचाच आहे, पण दोन्ही सूचींत त्याचा उल्लेख नाही.

चकलीकर | १२ जून, रात्री ९.१०

ताई, इंग्रजी गाईडबुकाच्या वाचकाला तो पुतळा महत्त्वाचा वाटणार नाही असे लेखकाने गृहीत धरले असणार. आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या जागांची यादी आपणच पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून न्यावी. कोयासानच्या पानावर आणखी एक गोष्ट पाहा: शुकुबोत, म्हणजे मंदिरातल्या मुक्कामात, रात्रीचे जेवण साडेपाच-सहाला वाढतात, त्यामुळे पाचच्या आत पोहोचावे लागते, हे लिहिले आहे का? ओसाकातील नांबाहून रेल्वे, मग गोकुराकुबाशीपासून दोरवाहिनीसारखी खेचगाडी, मग बस, असा तो तीन टप्प्यांचा प्रवास आहे आणि वरच्या स्थानकापासून गावात येणारा रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी खुला नाही. 'वर पोहोचल्यावर रमतगमत चाला' असे कोणी लिहिले असेल तर तो वर गेलेलाच नाही. सुमारे आठशे मीटर उंची आहे, नोव्हेंबरात स्वेटर जवळ हवा.

पारिजातक | १२ जून, रात्री ९.२५

जेवणाची वेळ लिहिली आहे, बसचेही लिहिले आहे. स्वेटरचे कोणीच लिहिलेले नाही.

अनुस्वार | १३ जून, सकाळी ८.४५

मी माघार घेत नाही, पण थोडा सरकतो. 'कोराकुएन'ची परीक्षा मी काल फोनवर करून पाहिली. मला आधी टोकियोतले स्थानक मिळाले, मग त्याच नावाचे क्रीडासंकुल, मग ओकायामा, मग सिंहगड रस्त्यावरचे आपले उद्यान, आणि त्यानंतर पुण्यातल्या एका गृहसंकुलाची जाहिरात. माहिती सगळी आहे, निवड कोणाचीच नाही. मला विचाराल तर आखणी करताना पुस्तक आणि रस्त्यावर आल्यावर फोन, असे करावे. वेळापत्रक, दर, व्हिसा आणि सुट्टीचे दिवस यांसाठी मी कोणत्याही छापील पुस्तकावर विसंबणार नाही. ३ आणि २३ नोव्हेंबरला तिकडे राष्ट्रीय सुट्टी असते; संग्रहालये एरवी सोमवारी बंद असतात, पण सोमवारी सुट्टी आली तर ती उघडी राहून बहुधा मंगळवारी बंद राहतात. हे गणित त्या त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावरच तपासावे.

नकाशेवाला | १३ जून, रात्री १०.३०

अनुस्वार यांच्याशी सहमत. पारिजातक, आता वजनाचे बोलू. मध्यम पुस्तकही अर्धा-पाऊण किलोचे असणार आणि त्यातले निम्मे अधिक जपान तुम्ही पाहणारच नाही. मी पुस्तक घेताना बांधणी पाहतो. दोऱ्याने शिवलेले असेल तर कण्यापाशी उघडून पात्याने हव्या त्या शहराचा जुडगा अलगद सुटतो. नुसता गोंद असेल तर पाने एकेक गळू लागतात आणि दोन-तीन स्टेपल मारून पुठ्ठ्यात बांधावी लागतात. टोकियो, कानाझावा-क्योतो आणि पश्चिमेकडचा भाग असे तीन जुडगे करावेत; दोन मोठ्या बॅगेत आणि एक खांद्यावरच्या झोळीत.

बॅगेवरून आठवले. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग असेल, तर टोकियो-क्योतो शिंकान्सेनमध्ये २०२० पासून तिच्यासाठी मागच्या बाजूची विशिष्ट जागा आधी राखून ठेवावी लागते. आपल्या घरातल्या मोठ्या बॅगा काठावर बसतात, फीत घेऊन मोजा. नवे म्हणवणाऱ्या पुस्तकात हा नियम आहे का, तेही पाहून ठेवा.

भटकभवानी | १३ जून, रात्री १०.५५

पुस्तक फाडायचे? आपण पुस्तकाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करणारी माणसे! माझ्याकडे ग्रीसचे एक जुने गाईडबुक आहे, त्याच्या समासांत माझ्या दिवंगत मैत्रिणीचे अक्षर आहे: 'इथला दही-मध खा', 'हा म्हातारा खोटे बोलतो'. ते जुडगे करून नेले असते तर आज काय उरले असते? हव्या त्या पानांचे फोटो काढून न्यावेत किंवा छायाप्रती काढाव्यात, पण पाते चालवू नये.

नकाशेवाला | १३ जून, रात्री ११.१०

समास लिहिलेले जुडगे मीही परत येऊन पुन्हा शिवून घेतो. तुळशीबागेजवळ एक बाइंडर आहेत, ते दर वेळी माझ्याकडे खुनी माणसाकडे पाहावे तसे पाहतात, पण शिवून देतात.

पारिजातक | १६ जून, दुपारी ४.००

मध्यम पुस्तक घेतले. फाडायचे की नाही यावर घरात एकमत नाही. जाऊबाई भटकभवानींच्या बाजूच्या आहेत आणि पुस्तक उचलणार यजमान आहेत, त्यामुळे निकाल लांबणीवर पडला आहे. चित्रमय पुस्तक वाचनालयातून दोन आठवड्यांसाठी आणले. हिमेजीचे ते रेखाटन पाहून यजमानांनी बुरुज न चढता खालूनच पाहायचे कबूल केले, तेवढ्यासाठी तरी ते पुस्तक उपयोगी पडले म्हणायचे.

चकलीकर, पुस्तकाच्या शेवटी आहाराविषयीची काही जपानी वाक्ये आहेत, ती उतरवून मी एक कार्ड तयार केले आहे. त्यात 'आम्ही निकु, साकाना आणि तामागो खात नाही', म्हणजे मांस, मासे आणि अंडी, असे लिहिले आहे. एवढे पुरेल का?

चकलीकर | १६ जून, संध्याकाळी ७.१५

पुरणार नाही. साकाना म्हटले की स्वयंपाक्याच्या डोळ्यांपुढे ताटातला मासा येतो, पातेल्यातला रस्सा येईलच असे नाही. म्हणून 'कात्सुओबुशी आणि माशाची दाशीसुद्धा नको' अशी वेगळी ओळ घाला. त्याखाली 'कोन्बुची दाशी चालेल' हेही लिहा. कोन्बु म्हणजे समुद्री शेवाळ, त्याचा रस्सा पूर्ण शाकाहारी असतो. ही ओळ नसेल तर सज्जन स्वयंपाकी हात जोडून दिलगिरी व्यक्त करतो आणि तुम्हाला काहीच देत नाही. असेल तर त्याला काय करता येईल ते कळते. मजकूर मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, मी तो जपानी अक्षरांत नीट लिहून देतो. छापताना अक्षर मोठे ठेवा, इकडच्या छोट्या खानावळींतले स्वयंपाकी बहुतेक आपल्याच वयाचे असतात आणि त्यांचा चष्मा गल्ल्यापाशी राहिलेला असतो.